न फुटणारा लॅपटॉप

१२ सप्टेंबर, शुक्रवार
साखर कारखान्याने अखेर माझी योग्यता ओळखली. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या आमच्या गट ऑफिसला दणकट लॅपटॉप आला आणि तो माझ्या ताब्यात दिला. रबरी कोपरे, धातूचं अंग, वर धरायला मूठ. पाणी, धूळ, चिखल, आपटणं, कशानेच काही होत नाही म्हणे.
काम सोपं. गावोगाव फिरून उसाच्या नोंदी घ्यायच्या: लागण कधीची, क्षेत्र किती. त्यावरून कोणाचा ऊस आधी तोडायचा ते ठरतं. गटात इंटरनेट चालत नाही, म्हणून दर शनिवारी कोल्हापूरला हेड ऑफिसात जाऊन नोंदी चढवायच्या. शेवटची मुदत ३ ऑक्टोबर, संध्याकाळी पाच. नोंद नाही त्याचा ऊस सगळ्यांच्या शेवटी.
संकल्प: दर शनिवारी, न चुकता.

१३ सप्टेंबर, शनिवार
गेलो नाही. चाळीस नोंदींसाठी एवढी रपेट? सगळ्या एकदम चढवणं हे व्यवस्थित माणसाचं लक्षण. ऑफिसातली क्रांती म्हणाली, निदान पेनड्राइव्हवर कॉपी तरी काढून ठेवा. तिला आपल्या साध्या लॅपटॉपची सवय. भीती जात नाही एकेकाची.

१७ सप्टेंबर
बायडाबाई आल्या. गेल्या साली यांचा ऊस एप्रिलमध्ये तुटला. तुरा येऊन, वाळून, पार पोकळ झालेला. यंदा तरी नोंद पडली न्हवं, असं तीनदा विचारलं. लॅपटॉप डोक्याच्या उंचीवरून फरशीवर सोडला. धाडकन! उचलून, उघडून त्यांचं नाव दाखवलं: लागण गेल्या वर्षीच्या ९ जुलैची, गटात सर्वांत आधीची.
त्या म्हणाल्या, "मशीनीचं ऱ्हाऊ द्या. कोल्हापुरात पोचलं का?"
पोचल्यात जमा, म्हणालो. बाईमाणसाला टेक्नॉलॉजी समजावणं अवघड.

२० सप्टेंबर, शनिवार
आज निघालो होतो. वाटेत आमच्या गटातल्या पिराजीचा गोठा. पिराजीने विचारलं, म्हशीनं पाय दिला तर टिकंल का? कारखान्याच्या अब्रूचा प्रश्न. ठेवला. म्हशीने पाय दिला नाही, ती बसली. उठवायला दोन तास. लॅपटॉप सुरू! तोवर हेड ऑफिस बंद झालं. पण पंचक्रोशीत नाव झालं, हे कोणी बघत नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार
२९० नोंदी. शेती अधिकारी विजयसिंह साहेबांचा फोन. बाकी सगळ्या गटांच्या नोंदी आल्या, दत्तप्रसाद, तुमच्या शून्य दिसतात. म्हणालो, तयार आहेत साहेब, सोमवारी हजर. फोन ठेवल्यावर दुपारचा डबा सकाळीच संपवला. भूक असणार.

२९ सप्टेंबर, सोमवार
मुसळधार. मशीनला पाऊस चालतो, मला सर्दी होते.

३० सप्टेंबर
३१२ पूर्ण! उद्या खंडेनवमी. पूजेआधी हत्यार गटाबाहेर नेणं बरं दिसत नाही. परवा दसरा, सुट्टी. म्हणजे ३ तारखेला सकाळी सातला गाडीला किक. पाच वाजेपर्यंत दहा तास. वेळच वेळ.

१ ऑक्टोबर, सकाळी ९
पूजेसाठी लॅपटॉप जुन्या टूथब्रशने घासला. वायरी लावायच्या खाचांवर रबरी झाकणं आहेत. आत बरीच लाल माती. सगळी झाकणं उघडून साफ केली आणि वाळायला तशीच उघडी ठेवली. स्वच्छता म्हणजे स्वच्छता.

दुपारी १२.३०
पूजा थाटात. कोयते, टेप, फवारणीचा पंप आणि मधोमध लॅपटॉप. हळदकुंकू, झेंडूचा हार. पिराजीने विचारलं, नारळ कुठं फोडू? म्हणालो, ह्याच्यावरच फोड. क्रांती ओरडली, "सर, नगा!" पण पिराजीचा हात सुटला होता. एका दणक्यात दोन भकलं. पाणी सगळं मशीनवर. ओरखडा नाही! टाळ्या पडल्या.

१.१०
सुरू होत नाही. बॅटरी उतरली असणार.

४.००
चार्जिंगला लावला. दिवा लागत नाही. आतून खोबरं भाजल्यासारखा वास येतो.

६.००
क्रांतीने विचारलं, झाकणं लावली होती का? मी तिला उरलेला प्रसाद वाटायला पाठवलं.

२ ऑक्टोबर, दसरा
लॅपटॉप तांदळाच्या डब्यात पुरला. सोनं द्यायला येणारे डब्याला नमस्कार करून गेले. सौ. लीलाने विचारलं, हा तांदूळ आता खायचा की टाकायचा? दर तासाला उकरून बटण दाबतो. दिवसभर काळा पडदा. मला भीती वाटते आहे. हे इथेच लिहितो.

३ ऑक्टोबर, सकाळी ११
कोल्हापूर. दुरुस्तीवाला म्हणाला, पुण्याला पाठवावा लागेल, तीन आठवडे. नोंदी परत मिळतीलच असं नाही. म्हणालो, अहो, याच्यावर म्हैस बसली होती. तो म्हणाला, झाकणं लावलेली असणार तेव्हा.

५.०५
मुदत संपली. विजयसिंह साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, तुमचा गट शेवटी टाकतो, आणि सांगायला प्रत्येकाच्या दारात तुम्ही स्वतः जायचं.

रात्री ८
पहिलं दार बायडाबाईंचं. 'तांत्रिक अडचण' हा शब्द वाटेत चार वेळा म्हणून पाहिला होता. तिथे म्हणता आला नाही. नारळाचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग मशीन मागून घेतलं, उजेडात धरून उलटंपालटं केलं, पदराने कुंकू पुसलं.
"ह्येला तर खरचटलं बी न्हाय की," म्हणाल्या.
नाही, म्हणालो.
"मग माझा ऊस कवा जाणार?"
एप्रिल, म्हणालो. त्यांनी मशीन माझ्या हातात दिलं आणि आत गेल्या. दार लावलं नाही. अजून तीनशे अकरा घरं.