मयतीची चिठ्ठी

गुरुवार, वडनेर भोलजी

माझ्यासोबत काम करणाऱ्या सलीमशी आज पुन्हा वाजलं. शोभाताईंची पिठाची चक्की सोलरवर टाकली तर धंदा तगेल का, एवढंच आम्हाला त्यांना सांगायचं आहे. तो लॅपटॉपवर तक्ता मांडतो. मी गल्लीतल्या बायकांना बसवून महिनाभराचा धंदा खेळून बघते. डब्यातून चिठ्ठी काढायची, 'ऊन', 'ढग' नाहीतर 'बिघाड', आणि त्या दिवशी दळण किती होईल ते ठरवायचं.

खेळता खेळता शोभाताई म्हणाल्या, "अन् गल्लीत मयत झाली तं? चक्की बंदच राह्यते."

जिंकलेच मी! सलीमला म्हटलं, "टाक आता तक्त्यात. वर्षाला किती?"

त्यानं नवा रकाना केला, पण रिकामाच सोडला.

"काऊन सोडला रे भाऊ?" शोभाताईंनी विचारलं.

"कोणाच्या घरचा आकडा टाकू, ताई?"

आणि याच्याशी मी रोज भांडते! बंद दिवस धरले नाहीत तर हिशेब खोटा, हे खरंच. तो रिकामा रकाना भरावा लागेलच. पण माझ्या हातात तोवर 'मयत' लिहिलेली चिठ्ठी तयार होती, आणि समोर त्याच गल्लीतल्या बायका बसलेल्या.

चिठ्ठी अजून पर्समध्येच आहे. डब्यात टाकवली नाही.