वरचं एक लुगडं

मेलकावेरी, कुंभकोणम्
१८ जुलै

चि. विष्णूस आईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझी बहीण पवित्रा या कागदाचा फोटो काढून तुला थायलंडला धाडील. तिकीट वाचलं, आणि पत्र शर्यतीआधी पोचेल. फोनवर तू नुसतं बरं आहे म्हणतोस. कागदावर तुला थाप मारता येत नाही, तेव्हा उत्तर कागदावरच लिही.

मेट्टूरच्या धरणाचं पाणी आलं, कावेरी काठोकाठ आहे. तुझी जुनी नाव ओसरीत उलटी ठेवली आहे. पवित्रा तिच्यावर ओढण्या वाळवते, मी ओरडते.

काल व्यंकोजीमामा येऊन बोलीची आठवण देऊन गेला. अपघातात तुझे पाय गेले तेव्हा आपल्या पितळी दिव्यांच्या दुकानात तुझी जागा त्यानंच धरली होती, आणि नाव वल्हवायला तीन वर्षं मीच मागून घेतली. ती या महिन्यात भरतात. या आशियाई स्पर्धेत पदक आलं तर तू नावेचा, नाही तर दुकानाचा. शब्द मी दिला आहे, मोडणार नाही. तुझ्या चाकाच्या खुर्चीसाठी त्यानं दुकानाच्या पायरीवर उतरण बांधूनही घेतली. माणूस वाईट नाही रे, घाईचा आहे.

पट्टीश्वरम्‌ला जाऊन दुर्गेपुढं दिवा लावला. आपल्या विठोबाला रोजच सांगते, आता तो कंटाळला असेल.

वेळेवर जेव. आमचा जीव तुझ्यापाशी आहे हे जाणून असावे.
तुझी आई, विजयलक्ष्मी


थायलंड, २२ जुलै

ती. आईस विष्णूचा साष्टांग नमस्कार. अंगं मोजू नकोस, साष्टांगच समज.

आज पहिली फेरी झाली. तिसरा येऊन परवाच्या अंतिम शर्यतीत शिरलो. पण आमचे प्रशिक्षक शेषाद्री सर रागावले. दोनशे मीटरची रेषा ओलांडली की बाकीचे वल्ह्यावर कोसळतात, मी मात्र वेड्यासारखा पुढं दहा-बारा मीटर वल्हवत राहिलो. सरांनी विचारलं की फुकटची ताकद कुणासाठी उधळतोस. हात थांबतच नाहीत, आणि रेषेवर छातीत दम शिल्लक राहतो. म्हणजे माझा अंदाजच चुकतो आहे.

आणखी एक, कागदावर थाप नको म्हणून लिहितो. आपल्या कावेरीत हेच दोनशे मीटर मला भोपाळच्या शिबिरातल्या तळ्यापेक्षा तीन सेकंद जास्त लागतात. इतके दिवस प्रवाहाला दोष दिला. आता स्वतःचीच शंका येते.

मामाला सांग, उतरणीचं सिमेंट खरखरीत ठेव. नाही तर मी घसरत थेट समयांत जाऊन पडेन.

तुझ्या पायांशी,
विष्णू


मेलकावेरी, २३ जुलै

चि. विष्णूस आईचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि हातातली फिल्टर-कापी निवून गेली. चूक तुझी नाही, माझी आहे. रागावलास तर रागाव, पण आधी पुरतं वाच.

तीन वर्षांमागं तू काठावरून दोनशे मीटर मोजून द्यायला सांगितलंस. घरात टेप नव्हती, आणि एका दिवसासाठी विकत कशाला घ्यायची? माझं नऊवारी लुगडं होतं. पवित्रानं हिशेब करून सांगितलं, जवळजवळ साडेचोवीस लुगडी. आरंभाला अर्धं बरं दिसत नाही म्हणून मी पंचवीस धरली. आणि आपल्यात मंगल कामाला नेमकं मोजून कधी देतात का? शकुनाचं एक वर घातलं. मग बांबू रोवून त्याला तांबडी चिंधी बांधली. तू त्या बांबूपर्यंतच वल्हवत आलास.

आज पवित्रा म्हणाली, तेरा मीटर जास्त झाले. तुझी रेषा तीन वर्षं खोट्या जागी होती. म्हणूनच दम उरतो, म्हणूनच हात थांबत नाहीत. तुझं भलं करायला गेले आणि माझ्याच हातानं तुला दुकानात बसवायची वेळ आणली. सरांना दाखव हे पत्र, काही उपाय असला तर ते सांगतील. मी देवघरातून उठणार नाही.

माया पातळ करू नकोस.
तुझी आई


थायलंड, २४ जुलै

ती. आईस साष्टांग नमस्कार.

सुवर्ण! आई, सुवर्णपदक!

आता क्रमानं लिहितो. तुझं पत्र सरांना वाचून दाखवलं. ते मांडीवर थाप मारून हसले. म्हणाले, सुधारायला जाऊ नकोस, इथली रेषा इतरांची, तुझी रेषा तुझ्या आईचा बांबू. पुढं दम उरवायचा नाही एवढं बघ, सगळा त्या बांबूपर्यंत वाटून टाक.

सुटलो तेव्हा पाचवा होतो. दीडशे मीटरवर चौथा. मी इथल्या रेषेकडं पाहिलंच नाही, तिच्या पलीकडं तांबडी चिंधी पाहिली. शेवटच्या वीस मीटरांत एकेकाची नाव जड होऊ लागली. मला अजून तेहतीस जायचं होतं ना! दोघांना मागं टाकलं. उझबेकिस्तानचा गडी पुढं होता, त्यानं रेषेवर नावेचं नाक घालायला शेवटचं वल्हं मारलं आणि तिथं तो थबकला. माझी नाव त्याच्याशेजारून सरकली. कोण जिंकलं ते कळलं नाही. मी बांबूपर्यंत वल्हवत गेलो, आणि तिथं खरंच संपलो. वल्हं उचलवेना.

फोटो पाहून निकाल लागला. सात शतांश सेकंद. सर काठावर सगळ्यांना लुगडं म्हणजे काय ते हातवारे करून समजावत होते. तो उझबेक गडी हसून विचारत होता की तसलं कापड कुठं मिळतं.

आता देवघरातून ऊठ, आणि ताजी कापी घे.
तुझाच, विष्णू


मेलकावेरी, २७ जुलै

चि. विष्णूस आईचे अखंड आशीर्वाद. वि. वि.

उठले. आधी रडले, मग कापी घेतली, एकदम दोन पेले. दूध आधीच जास्त आणवलं होतं.

मामानं भर दुपारी दुकान बंद केलं, दारातली विकायची नाही म्हणून ठेवलेली मोठी समई पेटवली आणि इथं येऊन रुसून बसला. म्हणतो, बोली मी हरलो, पण आता त्या उतरणीचं काय करू? मी म्हटलं, पदक घेऊन पोरगा आधी तिच्यावरूनच येईल. मग रुसवा गेला. त्यानं दारासुरम्‌पर्यंत सगळ्या गिऱ्हाइकांना फोन केले.

पवित्रा खरी टेप घेऊन आली, बांबू हलवून नेमका दोनशेवर आणायला. मी टेप परत करायला लावली.

सर म्हणतात पुढली स्पर्धा सगळ्या जगाची आहे. म्हणून आज सकाळी न्हाऊन, लुगडं घेऊन काठावर गेले. पवित्रानं एक टोक धरलं. बांबू उपटला आणि आणखी एक लुगडं पुढं रोवला.

लवकर ये. नाव पुसून ठेवली आहे.
तुझी आई