यंत्राला माती शिकवली

धाकटे, तुला नि तुझ्या लेकरांना थोरलीचे भरभरून आशीर्वाद.

तर आधी आला तो यंत्रवाला, मागून त्याची बायको बॅटऱ्यांची पिशवी घेऊन. इथे अंगणात सूनबाईची अंगठी पडलीय, ती शोधायला. यंत्र म्हणजे लांब दांडा नि खाली ताटली. धातू असला की ओरडतं. अगं, पावलागणिक ओरडलं! मला हसूच आवरेना.

यंत्रवाला म्हणाला, "आजी, हे अंगठीला नाही, मातीलाच ओरडतंय. मातीत लोखंड आहे." त्यात आधी हातांनी शोधताना सगळे चिखलात घसरत होते, म्हणून मीच लेकाच्या भट्टीतले जळके खडे अंगणभर पसरलेले. त्यांनाही ते ओरडायला लागलं. मग त्याने ताटली मातीवर खालीवर केली नि माती गप्प होईपर्यंत बटण फिरवलं. यंत्राला माती शिकवली म्हणे. आता वेगळं काही असलं तरच बोलेल.

सूनबाई दारातून म्हणाली, "खडे कुणी उगीच पसरत नाही. अंगठी सापडू नये म्हणूनच."

लेक चहा फुंकत होता. फुंकतच राहिला, धाकटे.

मी मजेत आहे, काळजी नको. तुझा गुडघा कसा आहे? माझी खोली हल्ली सूनबाई स्वतः झाडते, गादी उचलून.

खड्यांमुळे यंत्राला दर चार पावलांवर पुन्हा शिकवावं लागलं, बॅटऱ्या संपल्या, अर्धं अंगण राहिलं. तोवर या घरात मी चोर. नव्या बॅटऱ्या घेऊन गुरुवारी नक्की येतो म्हणालेत यंत्रवाली दोघं.

तुझी थोरली