सात पिढ्या आणि एक टाकी

१२ जून
आम्ही कॅन रिकामे करत होतो, तेवढ्यात डेअरीचे मालक आबा आले. निम्म्याचं कुरुत होईल, दह्याचे वाळवलेले गोळे; बाकीचं दूध गेलं. दूध गार ठेवणारी टाकी तापली आणि दुधाच्या गाडीच्या चालकाला, मेलिसला, आपोआप जाणारा फोन गेलाच नाही. तो काल आबांनीच बंद केला होता! त्यांना थांबवायच्या होत्या ऐतच्या, म्हणजे ईदच्या, शुभेच्छा — सण उलटला तरी लोकांना जातच होत्या. संगणकावर आपोआप चालणाऱ्या सातही कामांना त्यांनी आपल्या सात पिढ्यांची नावं दिली आहेत. बोरोनबाय, साती, तुलेबेर्दी... पिढ्या तोंडपाठ. कोण काय करतो, ते मात्र नाही.

आबा म्हणाले, बिश्केकहून पुतण्याला बोलावतो, डेअरी त्याच्या हाती देतो. त्यांची सून बेगिमाय कॅन विसळत होती. हात थांबला. नवरा रशियात, डेअरीचा गाडा तीच ओढते आहे.

१३ जून
बेगिमाय सासरच्या थोरांची नावं घेत नाही. सून ना. म्हणून पहिल्यापासून म्हणते, “टाकी तापली की मेलिसला फोन करणारा”, “शनिवारी गवळ्यांना हिशेब कळवणारा”. आम्ही हसायचो. मेलिस म्हणायचा, “वहिनी, तुझं सांगून होईतो दूध नासेल.”

आज तिचं एक नाव मी थोडक्यात कागदावर उतरवलं, शेवटी जबाबदार माणसासाठी जागा ठेवून: टाकी तापली – चालकाला फोन – जबाबदार कोण. दिवसभर मी ते मनात घोळवते आहे. एक शब्द काढता येत नाही, एक घालता येत नाही!

१४ जून
आबांना कागद दाखवला, सातही कामांना अशीच नावं देऊ म्हटलं. त्यांनी चहाची वाटी खाली ठेवली.

“माझ्या आजोबांना पुसून टाकता?”

बेगिमाय दाराशी होती. खालमानेनं म्हणाली, “आबा, कुणीही येतं, त्यांना बंद करतं, चालू करतं. घरच्या थोरांना असं करतात का?”

आबा उठले. घोडा काढून कुरणाकडे गेले. पुतण्या परवा येतोय.

१५ जून
दुपारपासून आबा संगणकापुढे. एका बोटानं. कुणाला आत येऊ देत नाहीत.

१६ जून
सकाळी संगणक उघडून पाहिला. सातही नावं बदललेली — तिच्याच शब्दांत. ‘जबाबदार’पुढे सातही ठिकाणी: बेगिमाय. पुतण्या दहाच्या सुमारास आला. चहा घेऊन परत गेला.