अप्पांचं बाळ

प्रिय वरद (हा ‘प्रिय’ हाताच्या सवयीने पडलाय, त्याच्यावर फार जाऊ नकोस),

दर रविवारी तुझा फोन येतो. अप्पा कसे आहेत, ते लाते मांजर कसं आहे, आणि माझं उत्तर अर्ध्यावर असतानाच तुला कुणाचा तरी दुसरा फोन येतो. पत्राचं बरं असतं, ते मध्येच कापता येत नाही. तेव्हा बस आणि पुरतं वाच. अप्पा ठणठणीत आहेत. काचबिंदूने डोळे गेले, गुडघे गेले, पण जीभ शाबूत आहे. श्यामलाने काल केलेल्या आमटीला त्यांनी गटाराचं पाणी म्हटलं आणि दोन वाट्या प्यायले. तुझी वहिनी आता अशा गोष्टींवर रडत नाही, भांडी घासायला घेते.

मांजराची तुला जास्त काळजी, म्हणून आधी त्याच्याबद्दल लिहितो. गेल्या दिवाळीनंतर तू ते टोपलीत घालून थळला आलास तेव्हा केवढं भाषण दिलंस. दादा, ही रॅगडॉल जात, रॅगडॉल म्हणजे चिंध्यांची बाहुली, उचललं की अंग सोडून देतं, घराबाहेर पडत नाही, माणसांना जीव लावतं, अप्पांना सोबत होईल. निवेदिता शिकायला जर्मनीला गेली आणि लेकीच्या मांजराच्या केसांनी तुझ्या क्षिप्राला शिंका येतात, हे मात्र तू बोलला नाहीस. ते क्षिप्रानेच श्यामलाला नंतर फोनवर सांगितलं. म्हणजे तुम्हाला घरात नकोसं झालेलं जनावर तू बापाला भेट म्हणून दिलंस आणि वर सोबतीचं नाव केलंस. इथे मी आणि श्यामला काय, पडवीचे खांब आहोत? हे खांबांचं तुझ्या भाषणाच्या वेळीच माझ्या ओठावर आलं होतं. श्यामलाने चहाचा कप मध्ये सरकवला म्हणून राहिलं.

मग आम्ही त्या मांजराला ओळखायला लागलो. आपल्याकडची मांजरं तुला ठाऊक आहेत, दिवसभर गावभर उंडारायचं आणि मासळी साफ करायला घेतली की पाटाशी हजर. हे तसलं नव्हेच. त्याच्यापुढे ताजी मांदेली ठेवली तर नुसता वास घेऊन मागे सरकलं, जसं काही मी विषच घालतोय. त्याला तुझ्या पाकिटातल्या गोळ्या लागतात. आणि हगायला वाळू. समुद्र इथून हाकेवर, वाळू म्हणशील तेवढी, आणि मांजराची वाळू मुंबईहून पार्सलने येते, अख्खी आळी अजून हसते मला. सगळ्या पडवीला तू जाळी मारून घेतलीस, त्यामुळे आता आम्हीच पिंजऱ्यात बसल्यासारखे दिसतो. पण एक कबूल करतो, माया आहे त्याला. मी न्हाणीघरात गेलो की दाराबाहेर बसून राहतं. श्यामला नारळ खवायला बसली की तिच्या पदरावर लोळतं. फाटकाची कडी वाजली की कुत्र्यासारखं दाराशी येतं. इथल्या दमट हवेत त्याच्या लांब केसांच्या गाठी होतात, म्हणून एक दिवसाआड मी त्याला विंचरतो, तेव्हा ते चारी पाय वर करून पडून राहतं आणि निळ्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत बसतं. राग करावा म्हटलं तर करता येत नाही, ही त्या जातीची मोठी खोड आहे.

अप्पांनी पहिल्या दिवशी नाव विचारलं. मी म्हटलं लाते. त्यांना ऐकू आलं लाथ. कुणाला लाथ, म्हणाले. कॉफीवरून ठेवलंय म्हणून समजावलं, तर म्हणाले, जनावराला असलं नाव ठेवतात होय. आणि मांडीवर चढून आलेल्या त्या केसाळ गोळ्यावर हात ठेवून त्यांनी हाक मारली, बाळ. वरद, मी तेव्हा त्यांच्या पायांना तेल चोळत होतो. माझे हात थांबले. तुला आठवतंय, या माणसाने कधी आपल्याला बाळ म्हटलेलं? अलिबागच्या कोर्टात जन्मभर पक्षकारांच्या नावाचा पुकारा करायची नोकरी, आणि घरी आल्यावरही तोच पुकारा. हरी दामोदर वर्तक. ओट्यावर उभं राहून, पूर्ण नावाने, आणि हातात केरसुणीतून उपसलेला हीर. ओ द्यायला उशीर झाला की पोटऱ्यांवर वळ. आई खोबरेल लावताना तोंडावर बोट ठेवायची, रडू नका, ऐकतील. स्वयंपाकाच्या ओट्यावर चढलेल्या मांजराला याच माणसाने उलथनं फेकून मारलं होतं, आणि ते नेम चुकून आईच्या कोपराला लागलं होतं.

तू दहावीनंतर मुंबईला मामाकडे गेलास, सुटलास. मी इथल्या खताच्या कंपनीत लागलो आणि याच घरात राहिलो. लोक म्हणतात, हरीभाऊंनी बापासाठी केलं. बापासाठी कसलं, मी माझ्यासाठी राहिलो. मला वाटायचं, हा माणूस कधीतरी म्हातारा होईल, कधीतरी याला कुणाची तरी गरज लागेल, आणि तेव्हा एकदा माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणेल की हरी, तू होतास म्हणून. तू हसशील. साठीला टेकलेला माणूस आणि डोक्यावरून हात हवाय. हस बापडा. पण मला तेवढंच हवं होतं त्यांच्याकडून, आणि अजून हवंय. नारळी-पोफळीची सगळी वाडी तुला लिहून देतो, त्या हाताच्या बदल्यात.

तर तो हात दिवसभर मांजरावर. माझा राजा तो, जेवलास का रे, कोण देत नाही तुला खायला? कोण म्हणजे मी. एकदा दुपारी त्यांच्या औषधाच्या गोळ्या घेऊन गेलो, तर आतून हळू बोलण्याचा आवाज. मला वाटलं कोणी आलंय. कोणी नव्हतं. मांजराला सांगत होते, दोन पोरं झाली, दोन्ही दगड निघाली, तू फार उशिरा आलास रे बाळा. मी हातात गोळ्या आणि पाण्याचा पेला घेऊन दारात उभा. तुला दगड म्हटलं तर म्हणू देत, तू दादरला असतोस. मी त्यांची ओली धोतरं धुतो.

श्यामलाने मला बरोबर ओळखलं. एकदा जेवताना म्हणाली, अहो, तुम्ही मांजरावर जळता? आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. मी म्हटलं, काहीतरीच तुझं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती देवपूजेला बसल्यावर मी जाळीचं दार उघडं टाकलं आणि बाजूला जाऊन उभा राहिलो. समोर रस्ता, कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग, पलीकडे कोळीवाड्यातली कुत्री. मला ते जायला हवं होतं, चाकाखाली गेलं असतं तरी चाललं असतं. ते उंबऱ्यापर्यंत आलं, नाक वर करून वास घेतला, जरा वेळ बसलं, आणि मागे फिरून माझ्या पावलांवर आडवं झालं. मी दार लावून घेतलं आणि त्याला विंचरायला बसलो.

मग मी आणखी एक केलं. सांगायला लाज वाटायला हवी, वाटत नाही. दुपारचं मांजर स्वयंपाकघरातल्या थंडगार फरशीवर झोपलेलं. अप्पा खाटेवर बसलेले, हात खाली सोडून बोटांनी हवेत चाचपत होते. मी जमिनीवर बसलो आणि माझं डोकं त्या हाताखाली नेलं. बोटं केसांवर आली, क्षणभर फिरली आणि थांबली. कोण, हरी? म्हशीसारखा मध्ये काय बसलायस? बाळ कुठाय? आणि त्यांनी हात धोतराला पुसला. मी सकाळी डोक्याला तेल लावलं होतं, ते लागलं असेल. मी उठून मांजर आणलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं.

गेल्या आठवड्यात श्यामला उरणला तिच्या बहिणीकडे बारशाला गेली होती. त्या दिवशी मी मांजराला मागच्या खोलीत कोंडलं. खाणं, पाणी, तुझी ती वाळू, पंखा, सगळं दिलं, छळ नाही केला. त्या जातीचा आवाज इतका बारीक की बंद दारातून ऐकूही येत नाही, ही एक सोय. अप्पांनी सकाळभर हाका मारल्या. आधी लाडाने, मग चिडून, मग कोर्टातल्या आवाजात. मी खुर्चीत बसून होतो. मग ते उठले, भिंत धरत धरत जाळीपर्यंत गेले आणि तिच्यावर हात फिरवत राहिले, कुठे भोक पडलंय का बघत. पडले असते. मी उठलो नाही. जेवण त्यांनी ताटासकट लोटलं. आणि मग ते रडले. वरद, आई गेली तेव्हा या माणसाच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. मला बरं वाटलं. हे मी मुद्दाम लिहितोय, नंतर तुला वाटायला नको की दादाचा हात थरथरत होता.

दुपार कलल्यावर मी त्यांना धरून खाटेवर बसवलं आणि पुन्हा तसाच पायाशी बसलो. आज केस कोरडे होते. हात खाली आला, डोक्याला लागला. बाळ? ते म्हणाले. मी ओ दिली. हात थबकला. आता पुसतील, असं वाटलं. पुसला नाही. बोटं केसांतून मानेपर्यंत गेली आणि पुन्हा वर आली. किती राठ झालेत रे तुझे केस, म्हणाले. त्यांना कळलं की नाही, मला ठाऊक नाही, आणि मी विचारणारही नाही. संध्याकाळी श्यामला आली, तिने मागच्या खोलीचं दार उघडलं, खाटेशी बसलेल्या मला पाहिलं, आणि तेव्हापासून ती माझ्याशी जेवायला वाढलंय एवढंच बोलते.

तर आता हे पत्र टोपलीच्या कडीला का बांधलंय ते सांगतो. शेजारचा हर्षद नारळांची गाडी घेऊन रो-रो बोटीने मुंबईला निघालाय, तो टोपली तुझ्या दारात ठेवील. मांजर विंचरलेलं आहे, श्यामलाने डोळे पुसत पुसत विंचरलंय. तू उचललंस की तुझ्याही हातात ते अंग सोडून देईल. त्यात तुझं काही आहे असं समजू नकोस, ते कुणाच्याही हातात देतं. शिंकांचं क्षिप्राने बघावं. परत पाठवायचं नाही. पाठवलंस तर या वेळी नुसतं दार उघडून थांबणार नाही, ट्रकांच्या रस्त्यापर्यंत स्वतः नेऊन सोडीन. फोनवर त्याचा आवाज अप्पांना ऐकवायचा नाही. त्यांना मी सांगितलंय की वरद आला होता आणि माझं मांजर मला द्या म्हणून घेऊन गेला. त्यावर तुझा पूर्ण नावाने उद्धार झाला, तेवढा तू सोस, मी तो आयुष्यभर सोसलाय. तुझ्या दाराशी आता ते मांजर असेल, जगातली सगळ्यात मायाळू जात. आणि इथे खाटेवरून खाली सोडलेल्या त्या हाताला लागण्यासारखं माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. मांजर गेलं हे ऐकूनही ते हाक मारायचे थांबलेले नाहीत. हर्षदने हॉर्न दिलाय. आणि पडवीतून बाळ म्हणून हाक आलीय, मला जायला हवं.

तुझाच (दुसरा भाऊ नाही म्हणून),
हरीदादा