काकांच्या फोल्डरमधले तीन जीबी

सोम. ६ जाने.
सर्व्हर परत भरला. सर म्हणाले, "कोण भरतंय ते शोध आधी." छोटी स्क्रिप्ट लिहिली. रोज सकाळी साडेआठला प्रत्येकाच्या फोल्डरचा आकार मोजून यादीत टाकेल. बघू.

बुध. ८
बाकीचे जेमतेम वाढतात. भालेराव काका मात्र रोज दोन जीबी. साच्यांची ड्रॉइंग्ज करणारा माणूस, महिनाअखेर रिटायर होणार, हातात एकच काम. मग भरतायत काय?

शुक्र. १०
त्यांच्या टेबलाशी गेले तर त्यांनी चालू असलेली विंडो खाली केली. विचारलं, "काका, मोठं काम आलंय का?" "कसलं मोठं. जुनंच उजळवतोय." किल्ल्यांच्या जुडग्यात पेन ड्राइव्ह. आधी होता का? आठवत नाही. त्यांच्या मेव्हण्याचं अंबडला वर्कशॉप आहे म्हणे, साच्यांचंच. जेवणाच्या सुट्टीत ते जागेवरच. मीही मग डबा टेबलावरच उघडला. लक्ष राहतं.

सोम. १३
सरांना आकडे दाखवले, पेन ड्राइव्हचंही सांगितलं. म्हणाले, "तीस वर्षं झाली त्यांना इथं." मग, "ॲक्सेस बंद कर. गेटवर बॅग बघायला सांगतो." चार वाजता बंद केला.

बुध. १५
काकांनी सगळ्यांना तिळगूळ वाटला. माझ्या कीबोर्डशेजारी कागदावर दोन लाडू ठेवले. गोड बोला वगैरे काही म्हणाले नाहीत. संध्याकाळी गेटवर वॉचमनने त्यांचा जेवणाचा डबासुद्धा उघडून पाहिला. मी मागेच होते, स्कूटीवर. दुसरीकडे बघत.

गुरु. १६
सोमवारपासून काकांना आत काही ठेवताच येत नाही. तरी त्यांचं फोल्डर आजही दोन जीबीने वाढलंय.
आत शिरून पाहिलं. एक शॉर्टकट, सगळ्यांच्या सामायिक फोल्डरकडे जाणारा. स्क्रिप्ट त्या वाटेने जाऊन सगळ्या ऑफिसचं काम काकांच्या नावावर मोजत होती. शॉर्टकट कोणी केला तेही पाहिलं. माझंच लॉगिन, तीन वर्षांपूर्वीचं. त्यांना ड्रॉइंग्ज सापडायची नाहीत म्हणून मीच करून दिला होता.
सामायिकचा आकडा वजा केला. काकांचं स्वतःचं अकरा जीबी, हलतच नाही.
फक्त ९ तारखेला तीन जीबी जास्त. दहाला गायब.

शुक्र. १७
सरांना सांगितलं, चूक माझी. "महिनाअखेर जाणारच आहेत. उगाच उकरू नकोस." मग जरा थांबून, "आणि त्या तीन जीबीचं काय?"
जागेवर परतले. ॲक्सेस न विचारताच चालू करून टाकला.

सोम. २०
काकांना सगळं सांगितलं. चष्मा पुसत ऐकत होते.
"मोजायच्या आधी विचारायचं होतंस, पोरी."
"चुकलं काका." एवढ्यावर थांबायला हवं होतं. नाही थांबले. ९ तारखेचं विचारलंच.
चष्मा घातला, माझ्याकडे नीट पाहिलं. "तेवढं राहू दे." रागावले की लपवलं, कळलं नाही.

शुक्र. ३१
निरोप समारंभ. शाल, नारळ. सर निष्ठेवर बोलले. काका दोनच वाक्यं. गेटवर बॅग कोणी उघडली नाही. जाताना मला म्हणाले, "सातपूरला, इथं ऑफिसला यायचं आता काही काम नाही. घरी ये कधीतरी." खरंच बोलावलं का?
९ तारखेच्या बॅकअपची डिस्क माझ्याकडे आहे. ते तीन जीबी त्यात असणारच. लावली की दोन मिनिटांत कळेल. नातवाचे फोटो असतील. नाहीतर...
सर जाता जाता म्हणाले, "या महिन्याच्या डिस्क पुसून परत वापरायला घे."
हो म्हटलं. बाकीच्या पुसल्या. ही अजून ड्रॉवरमध्ये आहे.