बासष्ट लाल तोंडं

२८ जुलै, सोमवार

हद्द झाली! आता नैराश्याचीसुद्धा टेस्ट!

अमृतराव सर म्हणजे आमच्या क्लासचे आणि हॉस्टेलचे मालक. त्यांनी सगळ्या मुलींच्या मोबाइलमध्ये ‘मनखुणा’ नावाचं अ‍ॅप टाकायला लावलं. नैराश्य म्हणजे काय, ते कसं ओळखायचं, असे त्यात दहा धडे. चांगलंच आहे की! पण लातुरात एखादी गोष्ट नुसती वाचून सोडायची सोय आहे का? सरांनी लगेच जाहीर केलं — “पन्नास प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग, रँक लिस्ट बोर्डावर!” पहिली येणारीला शाल आणि नारळ.

शिवाय दर रविवारी आज कसं वाटतंय ते कळवायचं. हिरव्या हसऱ्यापासून लाल रडक्यापर्यंत पाच तोंडं आहेत, त्यातलं एक दाबायचं. लाल दाबलं की नाव थेट सरांच्या कॉम्प्युटरवर आणि ती मुलगी ‘आरामासाठी’ घरी. मग कोण दाबतंय लाल!

३ ऑगस्ट, रविवार

मोबाइल एरवी शरणम्माबाईंच्या कपाटात कुलूपबंद. त्या आमच्या रेक्टर. रविवारी पाच ते साडेपाच मोबाइल मिळतो. तेवढ्यात घरच्यांशी बोलायचं की तोंडं दाबायची? म्हणून मी कारखाना काढलाय. बोलून झालं की पोरी मोबाइल माझ्या पलंगावर टाकतात, मी धडाधड हिरवं दाबते. बासष्ट पोरींचं सुख माझ्या अंगठ्यात! मजुरी म्हणून प्रत्येकी एक बिस्किट.

शरणम्माबाई डोकावल्या. “काय करायलीस गं सादिया?”

“अभ्यास, बाई.”

“लई गुणाची पोर हाय!”

५ ऑगस्ट

टेस्ट झाली. पन्नासात एकोणतीस. नैराश्यातसुद्धा मी काठावर पास!

७ ऑगस्ट, गुरुवार

लिस्ट लागली. पहिली — अंबिका! माझी रूममेट! पन्नासपैकी पन्नास! सरांनी शाल घातली, फोटो काढला, “जरा हसा” म्हणाले. ती हसली.

केमिस्ट्रीत रडतखडत पास होणारी ही पोरगी. मी विचारलं, “अंबे, कवा पाठ केलंस गं?”

“पाठ कशाला करायचं? सगळं माझ्यातच हाय की.”

मी खो खो हसले. मग हसू तोंडातच राहिलं. महिनाभर हिच्या ताटातली भाकरी मी खाते आहे. मला वाटायचं, किती जीव आहे हिचा माझ्यावर! वेणी घालायलासुद्धा मीच मागे लागते. आणि रविवारी तिच्या मोबाइलवर हिरवं मीच दाबलं. बिस्किटही घेतलं वर. लाज वाटली. सरळ लिहिते.

८ ऑगस्ट

सरांना सांगायला निघाले, तर अंबिकाने हातच धरला. “नको गं. घरी गेले की परत येणं न्हाई. अण्णा निघतानाच म्हणले, न्हाई जमलं तर ये, एक स्थळ हाय.” अण्णा म्हणजे तिचे वडील, वीरण्णा. देवणीला असतात.

सांगावं तर हिचं शिक्षण जाणार. गप्प बसावं तर हीच हातची जाईल. कुणाला विचारू?

९ ऑगस्ट, शनिवार

सुचलं!! एक लाल असेल तर घरी पाठवतील. बासष्ट लाल असतील तर कुणाकुणाला पाठवतील?

सगळ्या खोल्या फिरले. अंबिकाचं नाव काढलं नाही. “सरांची गंमत करायचीय” एवढंच सांगितलं. एकीनेही आढेवेढे घेतले नाहीत. गुणी पोरी!

१० ऑगस्ट, रविवार

पाच चोवीस ते पाच सत्तावीस. पलंगावर बासष्ट मोबाइल, माझा एक अंगठा, बासष्ट लाल!

११ ऑगस्ट

सर बोर्डासमोर घाम पुसत उभे. “सगळ्या हॉस्टेललाच डिप्रेशन? मेसच्या भाजीत काय पडलं होतं ते बघा आधी!” शरणम्माबाईंनी तर मीठ-मोहऱ्या आणून आम्हाला रांगेत उभं केलं आणि बासष्ट जणींची दृष्ट काढली. माझीही! हसू दाबून दाबून पोट दुखलं.

सगळ्यांना घरी पाठवलं तर क्लास कुणाचा घेणार? शेवटी सरांनी अ‍ॅपवाल्यांना फोन लावला. नांदेडहून समुपदेशक मॅडम येणार.

१३ ऑगस्ट, बुधवार

पंचशीला मॅडम आल्या. एकेकीला आत बोलावतात. अंबिका तासभर आत होती. तोंड धुऊन आली आणि अर्धी भाकरी खाल्ली. माझ्या ताटातली!

मला म्हणाल्या, “बासष्ट लाल तीन मिनिटांत? पुढारी कोण?”

“मी. आधीची हिरवीही मीच दाबली.”

“बरं केलंस. पण दुसरीचं तोंड पुन्हा दाबायचं नाही. हिरवंही नाही आणि लालही नाही.”

आणि सरांकडून नवा नियम काढून घेतला — लाल म्हणजे घरी नाही, मॅडमकडे. पण अंबिकाला विचारून तिच्या वडिलांना बोलावणं धाडलंय म्हणे! इतकं करून शेवटी तेच? दिवसभर मॅडमशी मनातल्या मनात भांडले.

१६ ऑगस्ट, शनिवार

वीरण्णा आले. मी दाराआड उभी. आता अंबिकाची पेटी बाहेर येणार!

तर ते सरांवरच उखडले. “आमच्या बैलानं दोन रोज वैरणीला तोंड लावलं न्हाई तर आम्ही डॉक्टर गोठ्यात आणतो. माझं लेकरू महिनाभर जेवंना, अन् मला कुणी सांगना?”

अंबिका हळूच म्हणाली, “तुमीच म्हणले ना, एक स्थळ हाय...”

“आगं, तुला वझं व्हाया नको म्हणून म्हणलो! न्हाई जमलं तर बी घर तुझंच हाय, येवढंच सांगायचं व्हतं. मला बोलाया कुठं येतं?”

दोघंही रडले. अंबिका इथेच राहणार, मॅडम सांगतील त्या डॉक्टरांकडे जाणार, अण्णा दर शनिवारी येणार. मी दाराआड हुंदके देत होते. शरणम्माबाईंनी पदर पुढे केला.

१७ ऑगस्ट, रविवार

आज मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. आपापला मोबाइल, आपापला अंगठा. तरी नऊ लाल. मॅडमनी मुक्काम वाढवलाय.

नववं माझं. खरंखुरं.